हजेरीपटावरची सतरावी

धुकं असं बसलं होतं की कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या त्या गल्लीत समोरच्या शिंप्याच्या दुकानाची फळीही दिसत नव्हती, नुसतं मशिनचं खडखडणं ऐकू येत होतं. मालनबाईनं नळावरून दोन घागरी आणल्या, दारात सडा टाकला आणि दोशाचं पीठ वाटायला दगडापाशी बसली. हात गारठून लाल झाले होते.

"स्वल्प जाड ठेव गं. काल दोसा कागदासारखा झालता," चुलीपाशी शेकत बसलेली सासू म्हणाली.

"सरी, आत्याबाई," मालनबाईनं होकार दिला.

साल सत्तावन्न. मालनबाई सत्तावीस वर्षांची, माहेरी आठवी झालेली. नवरा उमाजी फौजी कपड्यांच्या दुकानात कापड बेतायचा. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांची मुलींची शाळा होती. तिथं बाई मिळेना म्हणून हेडमास्तर नरसिंहराव घरी आले, तेव्हा सासू म्हणाली होती, "जा. हितं माश्या मारण्यापेक्षा बरं." मालनबाई गेली. शिकवणं हे तिला भांडी घासण्यातलंच एक काम वाटायचं. पाढे म्हणवून घ्यायचे, पाट्या तपासायच्या, घंटा झाली की चप्पल पायात.

अडचण होती ती एकच, सकाळच्या हजेरीची. पटावर एकतीस मुली, त्यातल्या सतराव्या मुलीचं नाव सकवार. आणि सासूचं नाव सकवारबाई. सुनेच्या तोंडून घरातल्या थोरांचं नाव निघायचं नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, सासूचं तर नाहीच. गल्लीतल्या सगळ्या घरांत ही रीत. म्हणून पहिल्याच दिवशी मालनबाई सोळा नावं घेऊन थांबली, पदर सारखा केला, मान खाली घातली आणि म्हणाली, "सतरा."

मुली फिसकन हसल्या. मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "आलेय."

मग ते रोजचंच झालं. सतरा म्हणताना मालनबाईची मान आपोआप पटात जायची, रेघ ओढून झाली की वर यायची.

त्या धुक्याच्या सकाळीही तसंच झालं. एकतीस रेघा ओढून तिनं दौतीचं झाकण लावलं, तेवढ्यात दारात गोदूबाई उभी राहिली. सकवारची आई. हातात पाटी.

"ही पाटी शाळेची हाय. परत द्यायला आले."

"अगं, मुलीकडंच राहू दे की. लागंल तिला."

"कशाला लागतीय? तीन आठवडे झाले, माझ्याबरोबर उदबत्त्या वळतीय."

मालनबाईला आधी हसूच आलं. "काहीतरीच काय, गोदूबाई! आत्ता हजेरी दिली तिनं."

गोदूबाईनं वर्गात नजर फिरवली. मालनबाईनंही फिरवली. मागच्या रांगेत खिडकीपाशी एका मुलीपुरती फरशी मोकळी होती, तिच्यावर धूळ बसली होती. धूळ बसायला दिवस लागतात.

तिनं पट उघडला. सतराव्या ओळीत रेघ, रेघ, रेघ. आजची तर ओलीच होती, बोट लागलं तशी पसरली.

"आत्ता कोण बोललं गं 'आलेय'?" तिनं मुलींना विचारलं. आवाज आपलाच वाटेना.

 पुढच्या रांगेतली कल्पना म्हणाली, "कुणीच नाही, अक्का."

"मग मी ऐकलं ते?"

"कुणीच नसतं म्हणत, अक्का. तुम्ही सतरा म्हणता आणि आपणच रेघ ओढता. थांबत कुठं असता?"

मालनबाईनं सतराव्या ओळीवर पुन्हा बोट फिरवलं.  रोज कानांनी ऐकला होता तो आवाज. शपथेवर सांगितलं असतं तिनं. आणि तीन आठवडे आवाज नव्हताच.

"का गं यायची थांबली?" तिनं गोदूबाईला हळू विचारलं.

"म्हणती, शाळंत मला नाव नाही, आकडा हाय. मी म्हणलं, बरं, मग हितं ये, हात काळे कर. तुम्हाला दोष न्हाई देत, अक्का. मला बी सासू हाय." गोदूबाईनं पाटी टेबलावर ठेवली आणि गेली.

नरसिंहरावांनी पट पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सरी, उद्यापासून नीट बघा." एवढंच. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारच्या सुट्टीत ती पाटी घेऊन गोदूबाईच्या दारी गेली. ओसरीवर सात-आठ बायका ओळीनं बसून काड्यांवर काळा लगदा वळत होत्या. कडेला सकवार. मनगटापर्यंत हात काळे, मान पाटावर वाकलेली.

"बाळ," मालनबाईनं हाक मारली. पोरीनं काडी वळली. "ए पोरी." दुसरी काडी घेतली.

मालनबाईनं पदर सारखा केला.

"सकवार!"

ओसरीवरचे सगळे हात थांबले. "अय्यो, सासूचं नाव घेतलं की गं हिनं!" एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, आणि कपाळही काळं झालं.

पोरीनं मात्र वर पाहिलं. "काय, अक्का?"

"उद्या येशील?"

"असंच म्हणाल? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मालनबाई घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. सासू तांदूळ निवडत उंबऱ्यात बसलेली.

"माझं नाव घेतलंस म्हणे चारचौघींत."

"घेतलं, आत्याबाई." नोकरी संपली असं धरूनच ती उभी होती. मग सगळं सांगून टाकलं. सतरा आकडा, रेघा, रिकामी फरशी.

सुपातला हात थबकला.  "तीन आठवडे? माझ्या नावापायी पोर उदबत्त्या वळत बसली?"

"होय."

"अग आई गं!" तिनं सूप खाली ठेवलं. "घे, शाळंत खुशाल घे माझं नाव. घरात मात्र मी आत्याबाईच, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सोळा नावं झाली. मालनबाईनं मान वर केली, सतरावं नाव घेतलं आणि थांबली. मागच्या रांगेत खिडकीपाशी नखांत काळं राहिलेला एक हात वर गेला.

"आलेय!"

तेव्हापासून प्रत्येक नावाला तोंड बघितल्याशिवाय तिची रेघ उठली नाही. दोन दिवस तोंड दिसलं नाही की ती त्या घरी जायची. "मालनबाई, ही हजेरी आहे की हरिकथा?" असं नरसिंहराव निवृत्त होईपर्यंत चिडवत राहिले. अडुसष्ट सालीही तिच्या हजेरीला पाव तास लागायचा.

सकवार परत आली त्या सकाळी मात्र रेघ ओढताना ती मागच्या रांगेकडंच बघत राहिली आणि शाईचा डाग पडला. तिनं पट मिटला. फळ्यावर कालचा साताचा पाढा तसाच होता. तिनं फडकं ओलं केलं आणि फळा पुसायला घेतला.