शिंगाचा नट

प्लास्टिकच्या फण्या बाजारात आल्या आणि म्हशीच्या शिंगाच्या फण्या करणाऱ्या बाबांची करवत खुंटीवर गेली. पुढचे कितीतरी दिवस आम्ही पेजेवर काढले. तशातही मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि नोकरी लागल्यावर बास गिटार घेतली.

परवा बाबा ऐकत बसले होते. म्हणाले, "बोट दाबतेस तेव्हा छान वाजतं. मोकळ्या तारेचा घसा का बसलाय?"

मी गिटारच्या मानेच्या टोकाची पट्टी दाखवली. तिला नट म्हणतात. मोकळी तार त्या पट्टीवर टेकून वाजते. बोट दाबलं की पट्टीचं काम संपतं.

"कसली आहे ही?"

"प्लास्टिकची."

"इथंही पोचलं का ते!" बाबा हसले आणि करवत उतरवून शिंग कापायला बसले. "चार तारांना चारच खाचा? ही तर टकल्याची फणी गं!"

माणसाचंही असंच असावं. जपून बोलतो तेव्हा आपलं शिक्षण ऐकू येतं. मोकळं बोललो की आपण कशावर टेकलोय, ते.

नवा नट बसवून मी मोकळी तार छेडली. आवाज भरीव आला, रेंगाळला. बाबांनी पुन्हा छेडायला लावली.

आमच्या घरात पहिल्यांदाच प्लास्टिक निघालं आणि त्या जागी शिंग बसलं.