स्टेफ्का स्प्रिंगवाली

स्टेफ्का पालुकबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मी नसायला हवं होतं. पण कॅनडातल्या आमच्या डॉफिन गावात लिहिणारी माणसं गॅरेजच्या दाराकडे फारसं बघत नाहीत. म्हणून जमेल तसं लिहितो.

गॅरेजचं जड दार तोलून धरणारी वरची स्प्रिंग उन्हाळ्यात सहसा तुटत नाही. ती थंडीची वाट बघते. पारा उणे तीसच्या खाली गेला की सकाळी गावात कुठेतरी बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो, कुत्री भुंकतात, आणि लोक कॉफी ढवळत म्हणतात, "गेली कुणाची तरी. बोलवा स्टेफ्काला."

चाळीस वर्षं झाली, हे काम ती एकटी करते. आधी तिचा नवरा करायचा, ती खाली उभी राहून त्याला स्प्रिंग पिळायच्या सळ्या द्यायची. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता विनिपेगहून माणूस आणावा लागणार. दफनानंतर तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांची स्प्रिंग तुटली. स्टेफ्का काळ्या कपड्यांवरच कोट चढवून शिडीवर चढली. तेव्हापासून ती उतरलेलीच नाही म्हणा ना.

आता ती एकोणसत्तर वर्षांची आहे. बुटकी, रुंद, डाव्या अंगठ्याचं टोक नसलेली. एकदा, एकदाच, तिनं घाईत सळईऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरला होता. कुणी विचारलं तर म्हणते, "तो तुकडा त्या गॅरेजच्या माळ्यावरच असेल अजून. सापडला तर पाठवून द्या." तुटलेल्या स्प्रिंगा ती टाकत नाही. घरामागे ताणून उभ्या करते आणि उन्हाळ्यात त्यांवर वाटाण्याचे वेल चढवते.

मी सांगतोय ती गोष्ट गेल्या सहा जानेवारीची, म्हणजे आमच्या युक्रेनियन नाताळच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी घरात कुणी दिवसभर काही खात नाही. संध्याकाळी पहिला तारा दिसला की बारा पदार्थांचं जेवण, त्यात ना मांस, ना दूध; मासा तेवढा चालतो. पन्नास वर्षं ते माझ्या बायकोनं, ओडार्कानं केलं. यंदा तिची बोटं वळेनात, म्हणून ते सुनेकडे गेलं. मारिसोल फिलिपिन्सची. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि हा तिचा इथला पहिलाच हिवाळा. ओडार्काचा भाऊ युरको फोनवर म्हणालाच, "म्हणजे यंदा आंबवलेल्या कोबीत आंबा का?" मारिसोलनं ते ऐकलं होतं. तीन आठवडे ती पिरोग्या, म्हणजे उकडायच्या करंज्या, भरत होती, कोबीच्या पानात भात गुंडाळत होती. सगळं गॅरेजमध्ये ठेवलेलं. इथे हिवाळ्यात गॅरेज हाच फ्रीज असतो.

दुपारी दोनला तिनं दाराचं बटण दाबलं. दार थरथरलं, हललं नाही, आणि वर धाडकन आवाज झाला.

आमच्या गॅरेजला बाजूचं दार नाही. बांधताना मला सुचलं नाही. मुलगा बर्फ काढायच्या गाडीवर, संध्याकाळी सातपर्यंत येणार नव्हता. माझी कंबर असून नसल्यासारखी. मारिसोल अंगणात उभी राहून म्हणाली, "बाबा, आता सगळे म्हणतील, हिच्याकडे स्वयंपाक दिला आणि घर उपाशी राहिलं."

स्टेफ्का वीस मिनिटांत आली. गाडीतून उतरून तिनं आधी खाली बघितलं. दाराच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, काचेसारखा बर्फ होता.

"किती किटल्या?" तिनं विचारलं.

मारिसोलनं मान खाली घातली. "चार. काल रात्री, गरम पाण्याच्या. दाराशी बर्फ साचला होता, म्हटलं वितळेल."

"वितळला असेल की. पाच मिनिटं. मग दाराला धरून गोठला." स्टेफ्कानं छिन्नी काढली. "ओनुफ्री, बघत काय बसलास? हातोडी दे," ती मला म्हणाली.

तिनं बाहेरच्या कुलपात किल्ली फिरवून दारापासून मोटर सुटी केली आणि गुडघ्यांवर बसून वीतभर-वीतभर बर्फ फोडत गेली. मग एका कोपऱ्याशी गाडीचा जॅक लावला. दार कण्हत हातभर वर आलं. खाली लाकडाचे ठोकळे सरकवून ती पोटावर आडवी झाली आणि आत घुसायला लागली. अर्ध्यावर अडकली.

"ढकल रे!"

"कुठे ढकलू?" मी म्हणालो.

"या वयात लाजतोस? बूट धर आणि ढकल!"

आम्ही दोघांनी ढकललं. आतून तिचा आवाज आला, "अगं पोरी, किती केलंयस! पालुकांच्या सात पिढ्या जेवतील." आणि दाराखालून भांडी यायला लागली. बिटाच्या साराचं पातेलं, माशाचा डबा, पिरोग्यांचे ट्रे, खसखस-मधाचा गहू. मारिसोल ती बर्फावरच्या घसरगाडीवर रचून घरात नेत होती. सगळं दगडासारखं गोठलेलं. तीन वाजून गेले होते आणि ऊन पिवळं पडलं होतं.

"आता बाहेर ये," मी म्हणालो. "बाकीचं नाताळनंतर कर."

"आणि दार जॅकवर टांगून ठेवू? पाव्हण्यांची पोरं येणार आहेत ना?" ती म्हणाली. मग तिनं दोन्ही स्प्रिंगा उतरवून गाडीतल्या नव्या चढवल्या. एक तुटली की दुसरीचेही दिवस भरलेले असतात.

नवी स्प्रिंग पिळताना स्टेफ्का मोठ्यानं मोजते. दोन सळ्या आलटून पालटून भोकात घालायच्या, प्रत्येक वेळी पाव वेढा, आमच्या दाराला असे तीस. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही आणि ती कुणाला उत्तर देत नाही. हे गावाला माहीत आहे. पहिली स्प्रिंग झाली. दुसरी सतरावर होती तेव्हा ओडार्का शाल लपेटून बाहेर आली, आणि ठोकळ्यांच्या बाजूला पडलेली बर्फाची काच तिला दिसली.

"इथे गरम पाणी कुणी ओतलं?"

मारिसोल रिकामी घसरगाडी घेऊन परत आली होती. ती जागीच थांबली. मी बूट बघायला लागलो.

"अठरा," आतून आवाज आला.

"स्टेफ्का, तुला विचारतेय! कोण गाढव ओततं असं?"

"एकोणीस... वीस..."

मला सांगायचं होतं की मी ओतलं. तोंड उघडलं, पण एवढी वर्षं इथे काढून मी तसं केलं यावर तिचा विश्वास बसला नसता. मारिसोलच म्हणाली, "आई, मी ओतलं."

"सत्तावीस... अठ्ठावीस..."

ओडार्का शाल आवळून सुनेकडे वळली.

"तीस!" सळई ठेवल्याचा आवाज आला. "कोण गाढव ओततं सांगू? लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तू ओतलंस, ओडार्का. सासूच्या दारात. माझा नवरा वर होता आणि सळ्या मी देत होते. सहा किटल्या!"

ओडार्का लाल झाली. "तेव्हा उणे वीसच होतं!"

"म्हणून तर सहा लागल्या."

आधी मारिसोलला हसू फुटलं, मग ओडार्काला. हसता हसता तिनं सुनेच्या डोक्यावरची टोपी कानांवर ओढली. पण मग तिनं आकाशाकडे बघितलं. "पाचला तारा येईल गं. आणि पिरोग्या तर अजून दगड आहेत."

दार सरसर वर गेलं. स्टेफ्कानं ते कमरेइतकं खाली आणून बोटावर तोललं, तिथेच राहतं का बघितलं, आणि समाधानानं नाक पुसलं. "माझी बहीण काय करते माहितीये? दरवर्षी या दिवशी मी कुणाच्या तरी दारात असते. ती साडेचारला पडदे लावते. आमच्याकडे तारा मी पोचल्यावर उगवतो."

"देवाला चालतं?" मारिसोलनं विचारलं.

"त्याच्याकडून तक्रार आलेली नाही."

ती सळ्या गोळा करून निघाली. मारिसोलनं तिच्या खिशात बटाट्याच्या सहा पिरोग्यांची पुडी कोंबली, बहिणीकडे तळायला.

साडेचारला ओडार्कानं घरातले सगळे पडदे ओढले. पाहुणे आले तसे त्यांना कोट काढायला लावून भिंतीकडे तोंड करून बसवलं. युरको सहाला म्हणाला, "बाहेर काळोख झालाय, ओडार्का, मी येताना—"

"तू येताना रस्त्याकडे बघत होतास," ती म्हणाली. "गाडी चालवताना माणूस रस्त्याकडे बघतो."

मुलगा कामावरून आला. सार उकळलं. पिरोग्या उकळत्या पाण्यात तरंगून वर आल्या. सव्वासातला ओडार्का म्हणाली, "जा गं, बघून ये."

मारिसोलनं दार उघडलं आणि पायरीवर गेली. मी तिच्या मागे होतो. उणे अडतीसची रात्र, ढगाचा कण नाही. इतके तारे की आकाशात जागा उरली नव्हती. तिनं बराच वेळ, नीट, सगळीकडे बघितलं. मग ती आत वळून ओरडली,

"दिसला! एक!"