चुकलं तरी शाब्बास

दवाखान्याच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी सांधणाऱ्या बाईला सगळे शिवणमावशी म्हणत. पन्नाशी उलटल्यावर मावशी फ्रेंच शिकायला बसल्या, आणि शिकवायला होती त्यांची लेक. लेकीला देवाघरी जाऊन आठ महिने झाले होते.

तिनं परदेशात संसार मांडला होता. आईनं तिकडे राहायला यावं म्हणून स्वतःच्या आजारपणाच्या आधी तिनं फोनवर धडे बोलून पाठवले होते. एका धड्यात घरातली एक वस्तू. तेव्हा मावशींनी एकही उघडला नाही. "होईल गं सावकाश, काय घाई आहे?" म्हणाल्या होत्या.

आता घाई होती. मागे सहा वर्षांची नात उरली होती, आणि आईच्या तोंडून आलेलं तिचं चार शब्दांचं मराठी पुसत चाललं होतं. रविवारी सकाळी जावई फोन लावून द्यायचा. नात आजीकडे बघायची, आजी नातीकडे. पाच मिनिटांची तीन झाली, तिनाचं दीड. पोर हातची निसटत होती.

"आई, म्हण. ला पोर्त. दार. इथे दार बाई आहे हं," असा धडा असायचा. मग आईनं म्हणावं म्हणून थोडी जागा सोडलेली. त्या जागेत लेकीचा श्वास ऐकू यायचा. मग आवाज, "शाब्बास!" चुकलं तरी शाब्बासच. एकदा मावशी मुद्दाम गप्प बसल्या. श्वास झाला, आणि "शाब्बास!" आलंच. मावशींनी घाईनं फोन बंद केला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला बसल्याच.

लक्षात राहावं म्हणून त्यांनी घरभर दोरे बांधले. बाईला तांबडा, बाप्याला निळा. कपडेखोलीतल्या इस्त्रीवालीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे तिकडे भिंत बाप्या?"

"बाप्या."

"आणि खुर्ची?"

"ती बाईच."

"बरोबर आहे. सगळ्यांचा भार तीच सोसते!"

मावशी हसल्या, पण त्यांचा हात थांबला नव्हता. चादर बाप्या, म्हणून त्या दिवशी त्यांनी चादरीमागून चादरीला निळा टाका घातला. आणि दवाखान्यात निळा टाका म्हणजे साथीच्या वॉर्डातली चादर, वेगळी उकळायची. चाळीस धुतल्या चादरी पुन्हा हंड्यात गेल्या. मोठ्या सिस्टर कडाडल्या, "मावशी, लक्ष कुठंय तुमचं?"

लक्ष कानात होतं. हल्ली कात्रीला हात लावण्याआधीही त्या थबकत. मागून कोणीतरी "आई, म्हण" म्हणेल, म्हणून.

जावयानं त्यांना बजावून ठेवलं होतं. बायकोकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला होता, "आई, पोरीसमोर तिच्या आईचं काही काढू नका. मागे तीन दिवस जेवली नाही. पुन्हा रडली तर मी फोन बंद करणार."

पुढच्या रविवारी मावशींनी दार दाखवलं. "ला पोर्त."

नातीचे डोळे मोठे झाले. तिनं उशी उचलून दाखवली, चमचा दाखवला, बाबांचा बूट दाखवला. येईल तेवढं मावशी म्हणाल्या, न येईल तिथे हात हलवला. पोर खदखदून हसली. वीस मिनिटं गेली. मग तिनं काहीतरी विचारलं आणि जावयाचा चेहरा उतरला.

"विचारते, कोणी शिकवलं तुम्हाला."

शेजारणीनं, असं सांगता आलं असतं. तो डोळ्यांनी तेच विनवत होता.

"ममाँ," मावशी म्हणाल्या.

पोर हसायची थांबली. तिनं हात पुढे केला, जणू काही द्यायचं असेल तर इथे द्या.

"आई, नको," जावई म्हणाला.

मावशींनी धडे असलेला जुना फोन उचलला आणि धडा लावला. "आई, म्हण. ला फनेत्र. खिडकी." मग ती जागा. दोघी नुसता तो श्वास ऐकत राहिल्या. "शाब्बास!" म्हणून आवाज संपला तशी पोरीनं हंबरडा फोडला. जावयाचा हात फोनकडे आला. झालं, तुटलं, म्हणून मावशींनी डोळे मिटले.

पण रडणं ऐकूच येत राहिलं. आणि रडण्यात एक शब्द, परत परत. "आंकोर! आंकोर!"

मावशींनी डोळे उघडले. जावई भिंतीला टेकून खाली बसला होता.

"काय म्हणते रे?"

"पुन्हा लावा, म्हणते," तो म्हणाला. "आणि आई, जरा मोठ्यानं."