गुरुलिंग मास्तरांची पिशवी

गुरुलिंग मास्तर म्हणजे परळीतला एक नंबरचा हट्टी माणूस. वस्तू दाखवल्याबिगर इंग्रजी शिकवायची न्हाई, अन् वर्गात मराठी बोलायची न्हाई, हा त्यांचा बाणा. निवृत्त झाले तरी खोड जाईना. दोन हजार तीन साली गावाबाहेरच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला सहा चिनी इंजिनिअर आले, अन् त्यांची शिकवणी मास्तरांच्या गळ्यात पडली.

त्या पोरांचं घोडं एकाच जागी अडलं. नको ती वस्तू काढून टाकायला इंग्रजीत शब्द तरी किती! थ्रो अवे, गेट रिड ऑफ, क्लिअर आउट. मग मास्तरांनी रोज घरून एक टाकाऊ वस्तू पिशवीत न्यायला सुरुवात केली. वस्तू टेबलावर ठेवली की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "थ्रो इट अवे!" की गेली कचऱ्याच्या पिंपात.

वस्तू द्यायची त्यांची बायको कावेरी. आधी फुटकी चाळणी, मग दांडा मोडलेली पळी.

"चाळीस वर्षं घरातलं एक चिपाड टाकू दिलं न्हाई तुमी," ती हसायची. "चिन्यांनी बरं वळण लावलं."

पुढं ती स्वतःच्याच वस्तू काढायला लागली. चपला, फणी, पातळं, माहेरची छोटी पत्र्याची पेटी.

"अगं, ही तर चांगली हाय की!"

"न्या हो. मागं पसारा कशाला? तुमाला आवराआवर जमत न्हाई."

मास्तर खूश! धडा लई रंगायचा. आता या शहाण्याला काय म्हणावं? बाई वाळत चालली होती, भाकरी अर्धी टाकून उठत होती, अन् याचं ध्यान पिशवीत.

एका सकाळी तिला उठवेना. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना ती म्हणाली, "उद्याची वस्तू पिशवीत ठिवलीय." चौथ्या दिवशी ती गेली.

घरी आल्यावर मास्तरांनी उशाशी घ्यायला तिचं एखादं पातळ शोधलं. खुंट्या मोकळ्या, फडताळ मोकळं. चाळीस वर्षांच्या संसारात तिची एक चिंधी उरली नव्हती, अन् सगळं त्यांनीच आपल्या हातानं नेऊन टाकलं होतं. मास्तर भिंतीला टेकून लेकरासारखे रडले.

महिन्यानं ते दारामागं पडलेली पिशवी घेऊन वर्गावर गेले. सवयीनं हात आत घातला, अन् तिचा चष्मा बाहेर आला. दोऱ्यानं बांधलेल्या काडीचा. त्याच्याबिगर तिला तांदळातला खडा दिसत नव्हता. दवाखान्यात निघालेल्या बाईनं तो मागं ठेवला होता. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

चिनी पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मास्तर परत आले म्हणून पोरं हरखली होती. सहाही जण जोरात ओरडले, "थ्रो इट अवे!" त्यांच्यातल्या थोरल्या लिननं तर पिंप उचलून पुढं आणलं.

मास्तरांनी चष्मा छातीशी धरला.

"न्हाई रे लेकरांनो," ते मराठीतच म्हणाले. "एवढाच ऱ्हायलाय माझ्यापाशी."