एकट्याचा कॅरम

आमच्या हिच्या मामेभावाइतका सज्जन माणूस अख्ख्या बेंगळुरूत सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका खेळायला कुचकामी माणूसही सापडणार नाही. बनशंकरीत ते आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहतात. ही त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. अण्णांचे वडील खानापूरच्या पुढच्या जंगलात, एका धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या नोकरीत होते. आई, वडील, एक रेडिओ आणि माकडं, एवढाच गोतावळा. दहा वर्षांचे होईपर्यंत अण्णांनी दुसरं मूल जवळून पाहिलं नव्हतं.

लहानपणी कुणाशी भांडण झालं नाही की पुढं काय होतं, ते अण्णांकडे पाहून कळतं. मागून येऊन स्कूटरला धडकलेला रिक्षावाला उलट यांच्यावरच ओरडतो, आणि हे हेल्मेट काढून सगळं ऐकून घेतात. एकदा तर ओरडून दमलेल्या एकाला यांनी थांबवून, "आणखी स्वल्प काही राहिलंय का?" असं आपुलकीनं विचारलं होतं. दुसरी खोड अशी की प्रश्न हेच विचारतात आणि उत्तरही हेच देतात. "काय भावजी, कसे आहात? बरा आहे. चहा घेणार? नको, आत्ताच झाला." एवढं बोलून निघूनही जातात. मला चहा हवा असतो.

पण खरा कहर झाला तो गणपतीतल्या कॅरमच्या स्पर्धेत. अण्णांचा नेम पाहून मी त्यांना हौसेनं जोडीदार केलं होतं. जंगलात हा माणूस चारही बाजूंनी एकटाच खेळलेला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. यांचा पहिला नेम चुकला. हे शांतपणे उठले, शेजारच्या खुर्चीपाशी गेले आणि तिथं बसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाले, "उठा हं, आता इकडची पाळी." त्या गोंधळून उठल्यासुद्धा! अण्णांनी त्यांच्या वतीनं राणी घेतली, कव्हरही घेतलं, आणि आम्ही हरलो. लबाडी म्हणून नाही या माणसाच्या अंगात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अण्णांच्या चार वर्षांच्या मुलीच्या बालवाडीतून निरोप आला. पोर गुणी आहे, पण कुणात मिसळत नाही. बाकीची मुलं खेळतात तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून एकटीच बडबडते. अण्णांचा चेहरा एवढासा झाला. "माझं झालं ते झालं हो भावजी," ते म्हणाले, "पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही. भांडायला कुठं शिकवतात?"

या शहरात पोहण्यापासून रोबो बनवण्यापर्यंत सगळ्याचे क्लास आहेत, एवढा एकच नाही. मग अण्णा व्हाइटफील्डच्या ऑफिसातून चारलाच सुटून, पोरीला घेऊन रोज बागेत जायला लागले. इतर मुलं जवळ येईनात, म्हणून दोघंच खेळायची. वाळूत भातुकली, नाहीतर लपंडाव. वीतभर रुंदीच्या झाडामागे अण्णा लपायचे आणि पोट दोन्हीकडून दिसायचं. ते पाहायला हळूहळू मुलं जमू लागली.

गेल्या महिन्यात त्यातल्या एकीनं पोरीच्या हातातली बादली ओढली, आणि आमच्या गुणी पोरीनं दोन्ही हातांनी तिच्या झिंज्या धरल्या. त्या मुलीची आई धावत आली, तर अण्णांच्या डोळ्यांत पाणी. "भांडली हो, भांडली!" म्हणत त्यांनी त्या माउलीचेच आभार मानले. पाच मिनिटांनी दोघी मिळून तीच बादली भरत होत्या.

काल मी बागेत गेलो तेव्हा अण्णा बाकावर बसले होते. पोर पाच-सहा जणांच्या टोळक्यात धावत होती. मला पाहून ते उठले, अंमळ लाजत तिच्याजवळ गेले आणि "मी पण येऊ का गं?" म्हणाले.

"नको अप्पा, आम्ही खेळतोय," असं बापाला सांगून ती पळालीसुद्धा.

अण्णा परत येऊन बसले. आनंद झाला होता त्यांना, खोटं नाही सांगत.

"चांगलं झालं की हो भावजी," ते म्हणाले. "फक्त काय, मला पण आत्ताच कुठं कुणीतरी खेळायला मिळालं होतं."