रायफलीवरचा नंबर

रंगराव आमच्या काळेवाडीच्या घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात, त्याला येत्या दसऱ्याला अकरा वर्षे होतील. मूळचे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याचे. सोळा वर्षे सैन्यात होते. आता वय साठीला टेकले आहे. बायको इंदुताई, एकुलती मुलगी परभणीला सासरी. चाकणच्या कांदा बाजाराजवळ एका पतसंस्थेच्या दारात ते गनमॅन होते.

लोकांना वाटते की ही नोकरी माणसाला मिळते. खरे तर ती रायफलीला मिळते. रखवालदार पुरवणारी एजन्सी साध्या वॉचमनला पंचावन्नच्या पुढे ठेवत नाही. पण ज्याची स्वतःची रायफल आहे आणि परवाना चालू आहे, त्याला ठेवते. रंगरावांकडे तीनशे पंधरा बोअरची जुनी रायफल होती. सैन्यातून आल्यावर त्यांनी ती एका निवृत्त सुभेदाराकडून रीतसर घेतली. पेन्शनवर दोघांचे घर कसेबसे चालले असते. पण सकाळी गणवेश चढवून एजन्सीच्या बसमधून चाकणला उतरणे आणि ओळखीच्या हमालांनी "राम राम, फौजी" म्हणणे, हे पेन्शनमध्ये येत नाही.

दर रविवारी आठ वाजता ते आमच्या गच्चीवर येत. पोते अंथरायचे, रायफल आडवी ठेवायची, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, काढून बाजूला. सळई नेहमी मागच्या बाजूने घालायची. तोंडाकडून घातली तर कड झिजते आणि गोळी भरकटते, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितले. आधी रॉकेलची चिंधी. रॉकेल मिळेनासे झाल्यावर डिझेलची. मग पितळेचा ब्रश. मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी बाहेर येईपर्यंत. शेवटी मशीनच्या तेलाचा एक थेंब. वर्षातून एकदा सरावाला गोळ्या झाडून आले की नळीतून उकळते पाणी ओतायचे. बारुदाचे खार फक्त पाण्यात विरघळतात, तेलात नाही, असे ते म्हणत. हे सगळे झाल्यावर नळी आभाळाकडे धरून आतल्या पिळदार खाचा बघायच्या.

"उजेड गोल फिरत गेला पाहिजे, बाई. मधेच अडला, की तिथं काहीतरी बसलंय."

इंदुताई जिन्यातून म्हणायच्या, "माझ्या कानात दुखायलं होतं तेव्हा कुणी असं आभाळाकडं धरून बघितलं नाही."

"तुझ्या कानात गोळी बसत न्हाई."

"बसली असती तर बरं झालं असतं. तुमचं बोलणं तरी ऐकू आलं नसतं."

दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याची शस्त्रे चौकीत जमा करावी लागतात. याआधी प्रत्येक वेळी रंगराव रायफलीला जाड ग्रीस लावून, तेलात भिजवलेल्या जुन्या धोतरात गुंडाळून द्यायचे. त्या वर्षी इंदुताईंच्या भावाने त्यांना एक खोळ आणून दिली. हा भाऊ म्हणजे गोरक्ष, चाकणला एका प्लेटिंगच्या कारखान्यात काम करणारा. खोळ काळ्या रेक्झिनची, आतून स्पंजची, वर चेन. "दाजी, धोतरात गुंडाळून रायफल नेता, लोकांना वाटतं मयताला चाललाय." रंगराव हसले. ग्रीस खोळीला लागू नये म्हणून त्यांनी त्या वर्षी नुसते तेल पुसले आणि चेन ओढली.

दोन महिने ते पतसंस्थेच्या दारात काठी घेऊन उभे होते. कांद्याचे व्यापारी विचारायचे, "राव, बंदुकीचं पिल्लू का हे? कधी मोठं होणार?" एजन्सीने स्पष्ट सांगितले होते की पोस्ट हत्यारी आहे; पंधरा जुलैच्या आत रायफल आणि नवा परवाना दाखवा, नाहीतर दुसरा माणूस येईल. परवान्याची मुदतही त्याच महिन्यात संपत होती, आणि अठ्ठावीस जूनला नूतनीकरणासाठी रायफल तपासणीला न्यायची होती.

बारा जूनला रायफल परत मिळाली. रंगरावांनी गच्चीवर चेन उघडली, बोल्ट काढला आणि नळी आभाळाकडे धरली. स्पंजने दोन महिने हवेतला ओलावा पिऊन धरला होता. नळीवर बाहेरून तांबूस चट्टे पडले होते. आत उजेड मधेच मरत होता.

मी म्हटले, "पुण्यात बंदुकीची दुरुस्ती करणारे आहेत. एकदा दाखवा."

"सोळा वर्षं फौजेत काढली, बाई. अन् गंजलेली नळी घेऊन दुकानात जाऊ? त्यो म्हणंल, ह्यो कसला शिपाई."

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की गच्चीवर बसू लागले. डब्यांवरचे इंग्रजी वाचायला मला बोलवत. हार्डवेअरच्या दुकानातून एक फवाऱ्याचा डबा आणला होता. त्यावर लिहिले होते की गंजलेले नट सैल होतात. गंज निघतो असे कुठे लिहिले नव्हते. दुसरी बाटली गोळ्यांमुळे नळीत बसणारा तांब्याचा थर काढण्याची, अमोनियाचा वास मारणारी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, असा तिच्यावर इशारा होता. रंगराव म्हणाले की आपला आजार तांब्याचा नाही, आणि ती बाजूला ठेवली. थिनरबद्दल मीच सांगितले की लाकडाचे पॉलिश जाईल. शेवटी तेल, पितळेचा ब्रश आणि धीर, एवढेच उरले. रात्रभर नळीत तेल भरून ठेवायचे, संध्याकाळी घासायचे. पहिल्या दिवशी चिंधी विटेच्या रंगाची निघाली, आठव्या दिवशी चहाच्या. माझ्या डायरीत वीस जूनला त्यांचे वाक्य आहे : "निम्मी नळी आपली झाली."

उरलेली निम्मी आठ दिवसांत होणार नव्हती. त्यांनी मनाशी धरले होते की तपासणीला साहेब नळीत डोकावणार, जसे सैन्यात डोकावायचे. तिथे आत डाग दिसला तर आठवडाभर सजा व्हायची.

तेवीस तारखेच्या रविवारी गोरक्ष आला. त्याने नळीत पाहिले आणि मान हलवली.

"दाजी, तुमची फौज अजून चिंध्यातच हाय. आमच्याकडं गंजलेला माल येतो, लाल भडक. डीपमध्ये टाकला की पाच मिनिटांत चांदी."

"डीप म्हणजे काय?"

"ॲसिड. पण पातळ केलेलं. रोज हजार बोल्ट जातात त्यातून, एक बी कधी मेला न्हाई."

"बोल्ट अन् रायफल एक व्हय?"

"लोखंडच ना दोनी? तुम्ही नुसतं बघा."

त्याने पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्यांतून ते आणलेही होते. बाटल्यांवर पाण्याचेच लेबल होते, म्हणून मला वाचण्यासारखे काही नव्हते. मी विचारले, किती तीव्र आहे? गोरक्ष म्हणाला, "मावशी, ते केमिस्टला माहीत. आम्ही घड्याळ बघतो." मी रंगरावांकडे पाहिले. ते तारीख मोजत होते, हे त्यांच्या बोटांवरून कळत होते. मी आणखी काही बोलले नाही. बोलायला हवे होते.

लाकूड काढले. नळी आणि तिच्या मागची बॉडी एकमेकींत घट्ट बसवलेली असतात. ती घरी वेगळी होत नाहीत. म्हणून दोन्ही मिळून एका प्लॅस्टिकच्या पाइपात उभी केली आणि वरून ॲसिड ओतले. बारीक बुडबुडे येऊ लागले. पाच मिनिटांनी बाहेर काढून धुतले. बाहेरचे चट्टे गेले होते, त्याबरोबर नळीचा काळा रंगही गेला होता. रंगरावांनी आत पाहिले.

"अजून हाय. थोडं."

"परत टाका."

असे चार वेळा झाले. दर वेळी ते नळीच्या आत पाहायचे आणि म्हणायचे, "अजून एकदा." बाहेरच्या बाजूकडे कोणी पाहिले नाही. शेवटी लोखंडावर काजळीसारखा थर बसला. तो पुसून जाईना, तेव्हा गोरक्षने पिशवीतून ड्रिल काढले. त्याला कापडी चाक लावले, चाकाला पॉलिशची वडी घासली, आणि नळी व बॉडी सगळीकडून फिरवून काढली. कारखान्यात डीपनंतर बफिंग करतातच. त्याच्या हाताला तीच सवय. दहा मिनिटांत रायफल स्टीलच्या तांब्यासारखी चकाकू लागली.

मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून आणला होता. ॲसिड मारायला तो लागतो. रंगरावांनी सोड्याचे पाणी ओतले, मग इंदुताईंनी दिलेले उकळते पाणी. नळी कोरडी करून आभाळाकडे धरली.

"फिरायलाय," ते म्हणाले. "टोकापत्तर फिरायलाय, बाई. बघा."

मी पाहिले. खरेच उजेड गोल फिरत गेला होता. इंदुताईंनी चहा टाकला. गोरक्ष म्हणाला, "आता फौजेला सांगा, प्लेटिंगवाले बोलवा."

तेल लावताना त्यांचा अंगठा बॉडीच्या डाव्या बाजूला थांबला. तिथे रायफलीचा नंबर ठोकलेला असतो. तीस वर्षांच्या हाताळणीने तो आधीच उथळ झाला होता. त्यांनी अंगठा मागे-पुढे फिरवला. चष्मा लावला. मग रायफल माझ्यापुढे धरली. मी उन्हात तिरपी करून पाहिले. पहिले एक अक्षर अंदाजाने वाचता येत होते. पुढे सपाट, चकचकीत लोखंड.

गोरक्षचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "दाजी, नंबर तुमच्या परवान्याच्या पुस्तकात हाय ना? आमच्या टूलरूमला आकड्यांचे पंच हायेत. उद्या आणतो. सहा ठोके, विषय संपला."

"अन् साहेबानं विचारलं, तर?"

"कशाला विचारतोय? नंबर हाय म्हटल्यावर."

"त्यो नंबर नसतो, गोरक्ष. त्यो आपण मारलेला असतो." रंगराव उठले. "फौजेत असल्या नंबरच्या रायफलीचा माणूस मी बघितलाय. त्याला बेड्या घालून नेलं व्हतं. चोरीची न्हवती. पण कुणाची, तेच सांगता येईना."

"मग जाणार कसे?"

"हाय तशी घेऊन."

अठ्ठावीसला परवान्याच्या कचेरीत मीही बरोबर गेले, कारण रंगरावांना अर्ज इंग्रजीत हवा होता. मी घडलेले सगळे लिहिले होते. तारखा डायरीतून घेतल्या होत्या. तपासणारे अधिकारी पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी बोल्ट मागे-पुढे केला, रायफल फिरवली, डाव्या बाजूला भिंग धरले. मग अर्ज वाचला, दोनदा. नळीत त्यांनी पाहिले नाही.

रंगराव म्हणाले, "साहेब, नळी बघा. आत एक डाग न्हाई."

"नळीत गंज असता तरी मी सही केली असती, काका," ते म्हणाले. "गंजलेल्या रायफली रोज येतात. आम्ही नंबर बघतो, आणि चालते का ते बघतो."

बोल्टवर नंबरचे शेवटचे तीन आकडे होते. रंगरावांनी ते दाखवले. अधिकाऱ्यांनी सांगितले की बोल्ट बदलता येतो, म्हणून तो पुरावा होत नाही. नंबर मुद्दाम घालवला की चुकून गेला, हे त्यांना ठरवता येत नाही. रायफल जमा करावी लागेल, प्रयोगशाळेत जाईल, तिथे लोखंडाच्या आतला ठसा सापडला तर पुढे बघता येईल. तोवर परवाना थांबेल. माझा अर्ज त्यांनी फाइलला लावला आणि म्हणाले, "हा आहे म्हणून गुन्हा लगेच दाखल करत नाही. बाकी माझ्या हातात नाही."

पावती करताना कारकुनाने नंबरच्या रकान्यात "अवाचनीय" लिहिले. रंगरावांनी त्याच्याकडून पाच मिनिटे मागून घेतली. खिशातून ग्रीसची डबी काढली आणि तिथेच बाकावर बसून नळीत, बाहेर, बोल्टला, सगळीकडे जाड थर दिला. कारकून म्हणाला, "काका, लॅबवाले पुसणारच." त्यांनी ऐकले नाही. हात पुसायला मी माझा रुमाल दिला.

पंधरा जुलैला पतसंस्थेच्या दारात भोसरीचा एक माणूस उभा राहिला. एजन्सीने रंगरावांचा गणवेश परत मागितला. तो इंदुताईंनी धुऊन, इस्त्री करून दिला. गोरक्ष अधूनमधून येतो, पण उंबऱ्यातच चहा घेऊन जातो. एकदा इंदुताईंनी त्याला ऐकवले, "माझ्या नवऱ्याला बी डीपमध्ये टाक की, चांदी तरी व्हईल." कोणी हसले नाही. त्या स्वतःही नाहीत. त्या आता रहाटणीतल्या एका सोसायटीत दोन घरी पोळ्या करतात.

रंगराव दर दोन महिन्यांनी कचेरीत जाऊन येतात. अहवाल आला नाही, असे उत्तर मिळते. कोणी वाईट बोलत नाही, खुर्चीही देतात. मागच्या खेपेला नवा कारकून होता. त्याला फाइल सापडायला अर्धा तास लागला. सापडली तेव्हा तिच्यात माझा अर्ज होता आणि दुसरे काहीच नव्हते. एजन्सीला मी एकदा फोन केला. तिकडच्या मुलीने वय विचारले, आणि मी सांगितल्यावर फोन ठेवला.

परवा संध्याकाळी ते जिन्यात बसले होते. मी वर जाताना त्यांनी विचारले, "बाई, नंबर सापडला न्हाई, तर वितळवतात ना?"

मी म्हटले, मला नक्की माहीत नाही.

"ते ग्रीस एक साल धरतं," ते म्हणाले. "चांगलं लावलं तर सव्वा. त्याच्या म्होरं हवा आत जाती."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. बाहेर पाऊस पडत होता; रायफल जमा केल्यापासूनचा दुसरा पावसाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.