सुईणी शिकतात, मी घाबरते

सुईणींना शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे दोनच गोष्टी वाढल्या: ॲसिडिटी आणि किस्से. मी नर्स. आरमोरीपलीकडची जंगलातली गावं माझ्याकडे. किस्से सांगताना हसते, पण एक कान फोनकडेच असतो.

*

डॉक्टरांना फोन कसा करायचा, याची रंगीत तालीम चालली होती. एकजण खोटी बाळंतीण बनलेली, डॉक्टर स्पीकरवर. "रक्त किती मिली गेलं?"

सुईण गोंधळली. "मिली कोन? हिचं नाव त सुनीता हाये!"

तेव्हापासून आम्ही फडक्यांवर शिकवतो. दुसरं फडकं भिजलं की गाडी बोलवा.

*

सगळ्यांना एका मापाची फडकी दिली. पुढच्या महिन्यात गेले, तर एकीच्या फडक्यावर मोहफुलं वाळत होती.

माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "आता गावात कोनी पोटुशी नाई ना, सिस्टर."

*

कवसाबाई सगळ्यांत म्हातारी. कापडी बाहुलीवर सराव चालू होता. मी विचारलं, "बाळ आडवं आलं. आता काय?"

मला "दवाखाना" हे उत्तर हवं होतं. ती उठली. पोत्याची सुतळी सोडली, माझी वेणी सोडली, बॅनरची दोरीही सोडली. बाळंतपण अडलं की घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या, ही तिकडची रीत. बॅनर थेट प्रशिक्षण पाहायला आलेल्या साहेबांच्या डोक्यावर!

सगळे हसले. मला मात्र रडू येत होतं. खरीच बाई अडली असती तर?

"आजी, गाठी सोडा, पण आधी फोन करा."

"करीन ना, माय. घाबरून काऊन राह्यली तू?"

*

भाद्रपदात, भरदुपारी कवसाबाईचाच फोन आला. "सिस्टर, पोराचा हात भायेर आला."

"ॲम्ब्युलन्स घेऊन निघालेच. वाट पाहा!" मी ओरडले आणि फोन कट झाला.

रस्ताभर मी ड्रायव्हरला इतकं छळलं की शेवटी त्यानं मला मागे बसवलं. नाल्याशी पोचलो, तर रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, वाहून गेलेला. गाव पलीकडे. आणि पाहते तर आमच्याच काठावर खाट, खाटेवर अडलेली बाई, शेजारी कमरेपर्यंत भिजलेले चार पुरुष आणि कवसाबाई.

ऑपरेशन झालं. मायलेकरं दोघंही वाचली. मग दवाखान्याच्या पायरीवर मी कवसाबाईवर चिडले. भरल्या नाल्यातून खाट आणायची म्हणजे काय?

"वाट पाहा म्हटलं होतं ना मी?"

"पाह्यली ना," कवसाबाई म्हणाली. "रपट्यापाशी वाटच नोती."